न्हाणीबाहेरचा पॉइंट

कालिंदीबाई, इथे नाही.
डोणीपासून वीतभरावर खडूने फुली मारलीत तुम्ही,
ती मी आधी पुसतो. मग बोलतो.

"पाचच व्होल्ट तर आहेत, रऊफभाई.
मुंगी चावल्यासारखं."
मुंगीएवढंही नाही, कबूल.
पाच व्होल्ट म्हणजे गरीब माणसं.
मी घाबरतो
त्यांच्या पाठीशी उभ्या असलेल्या दोनशे तीसांना.

दापोलीच्या बाजारातून नव्वद रुपयांना आणलेला तुमचा चार्जर
मी काल रात्री सुरीने उघडला.
आत दोन काठ: अलीकडे पाच, पलीकडे दोनशे तीस,
आणि मधली खाडी
उकड्या तांदळाच्या दाण्याएवढीही नाही.
हर्णैची हवा ती किती दिवसांत ओलांडेल?
दाराची कडी बघा तुमच्या,
दिवाळीत नवी होती.

कोरडा माणूस आणि ओला माणूस
विजेच्या हिशोबात एक नव्हेत.
ओल्याची कातडी म्हणजे कडी न लावलेलं दार.
त्यात पायाखाली ओली फरशी, हातात पितळेची तोटी,
आणि दुसऱ्या हातात तुमचा मोबाईल.

एकदा एका लॉजवर बोलावलं होतं मला,
दुरुस्तीला नाही,
कशाने झालं ते सांगायला.
पोचलो तेव्हा बादलीतलं पाणी अजून कोमट होतं.
तेव्हापासून न्हाणीत मी कुणाचं ऐकत नाही,
गिऱ्हाईक गेलं तरी.

तुम्ही गप्प झालात.
मग पदराला हात पुसत, माझ्याकडे न बघता:
लिलाव आटपून येते, कोपरापर्यंत सुरमईचा वास,
दोन तांबे अंगावर घेते न घेते
तोच वाजतो.
जितू तेलाच्या जहाजावर. रेंज मिळेल तेव्हाच लावतो.
फोन जुना, वायरीवाचून पाच मिनिटं जगत नाही.
मागच्या महिन्यात दोनदा चुकला.
एकदा साबण डोळ्यांत होता,
आणि तो वाजून वाजून थांबला.

हे आधी सांगायचं होतंत.
मी उगाच तुम्हाला चैनीखोर समजलो.

टेप धरा हे टोक.
न्हाणीच्या भिंतीला बाहेरून, पडवीत,
पागोळीचं पाणी उडणार नाही अशा कोपऱ्यात.
अ‍ॅडॉप्टर मधल्या खोलीत, कोरड्यात, कपाटाच्या बाजूला,
आणि नव्वदवाला नाही, चांगला, मी आणतो.
तिथून पुढे भिंतीतून फक्त पाच चालत येतील.
वायर जाड घालू, नाहीतर वाटेतच दमतात बिचारे.

"किती लांब म्हणता?"
हात पोचणार नाही इतका.
हाक पोचेल इतका.

वरची झडप उघडी ठेवा.
घंटीचा आवाज मी लावून देतो, लिलावातही ऐकू जाईल असा.
वाजला की आधी टॉवेल, मग बाहेर, मग फोन.
जितूला माझं नाव सांगा,
म्हणावं, आईचे हात वाळेपर्यंत थांबायचं,
नाहीतर पुन्हा लावायचा.

परसातलं अर्थिंग मात्र आजच बघतो.
जांभ्यात खड्डा मारलाय कुणीतरी, वरवरचा.
जांभा शिमग्यानंतर इतका सुकतो
की विजेला उतरायला पायरीच उरत नाही.
कोळसा, मीठ,
आणि उन्हाळाभर आठवड्याला दोन बादल्या पाणी,
माडाला घालता तसं. माड नारळ देतो,
हा काही देणार नाही.
काही घडलं नाही, एवढंच याचं पीक.

बोर्डावर एक नवा स्विच बसवतोय,
त्याला छोटं बटण आहे, टेस्ट लिहिलेलं.
महिन्यातून एकदा दाबायचं.
खटकन सगळं घर काळोखात गेलं
तर खूश व्हायचं.
नाही गेलं तर मला फोन,
आणि मी येईपर्यंत न्हाणीतला गीझर बंद.

पैशांचं नंतर बघू,
पापलेट स्वस्त होईल तेव्हा.

आता मेन बंद करतो, पाऊण तास तरी लागेल.
थांबा.
तुमच्या फोनमध्ये किती टक्के आहेत?